नमुना सात

सातबाऱ्यातला नव्हे. हा दुसरा.
मारेगाव रस्त्याच्या कडेपासून दीड मीटर आत
यंत्रानं गोल कापून काढलेला,
आठ सेंटिमीटर उंच, दीड किलोचा,
किराणा दुकानातल्या लोखंडी मापासारखा.

मे महिना. साडेनऊलाच
पाण्याच्या टाकीची तोटी चटका देते.
ड्रिलवर पाणी ओतायला रोजानं लावलेली
पार्वता सिडाम म्हणते,
'हा रस्ता आमीच टाकला.
घमेल्यातून वाफ निघे. पायाले बारदान बांधो.
माही एक चप्पल ह्यानं ठेवून घेतली,
परत देल्ली नाही.'

चौदा उन्हाळे झाले.
आता तो कुणाचीच चप्पल धरत नाही.
वरून राखाडी, खडीची डोकी उघडी,
सुसरीच्या पाठीसारख्या भेगा.
पण माप उलटं केलं
तर तळ काळाभोर, आणि अंगठा दाबला
तर अंगठा तिथं किंचित राहतो.
पार्वतानं ते नाकाशी नेलं.
काही बोलली नाही.
बराच वेळ नेऊन ठेवलेलं होतं नाकाशी.

मी सांगितलं, मला जसं येतं तसं:
ऊन वरच्या बोटभर थरात मुरतं,
हवा फटींतून जाते तेवढीच आत जाते,
डांबर तिथं सुकतं, कडक होतं, तडकतं.
खाली तेच डांबर, त्याच ड्रमातलं,
त्याच दिवशीचं,
पण त्याला अजून चौदा वर्षं झालेली नाहीत.

ती हसली. 'म्हंजे रस्ता वरून म्हातारा होते.
बाई खालून होते, गुडघ्यापासून.
तोंड तं शेवटी.'
आणि टाकीकडं गेली, कमरेवर हात देऊन.

नमुने कुठले घ्यायचे याचा तक्ता साहेबांनी दिलेला.
तक्त्यात चिंच नव्हती.
बारा वाजता तिनंच बोट केलं:
'थ्या चिंचेखाली घ्या एक. तिथं आमी भाकर खाल्ली होती.
तिथं ऊन पोचत नाही दुपारचं.'
ड्रायव्हर जेवायला गेला होता.
मी यंत्र ओढत नेलं.
त्या मापावर मी खडूनं आकडा घातला नाही,
नुसता एक ठिपका दिला.

यवतमाळला प्रयोगशाळेत
करवतीनं चकत्या केल्या, सुरणाच्या करतात तशा.
द्रावणात डांबर उतरवलं, खडी वेगळी, डांबर वेगळं,
वाटीत भरलं, पंचवीस अंशांच्या पाण्यात ठेवलं.
मग सुई.
शंभर ग्रॅमचा भार, पाच सेकंद, बस.
नमुना सातच्या वरच्या चकतीत
सुई एकोणीसपर्यंत गेली आणि थांबली.
मधल्या चकतीत चौतीस.
तळाच्या चकतीत एकावन्न,
जवळजवळ नव्यासारखी,
पहिल्या उन्हाळ्यासारखी, चप्पल धरणारी.

ठिपक्याच्या वरच्या चकतीत एकतीस.
मी सुई पुसून पुन्हा सोडली.
एकतीस.

अहवालात अठरा ओळी असतात.
सावलीचा रकाना नाही.
सगळ्या नमुन्यांची सरासरी काढायची असते,
आणि सरासरी असा कुठला थर
त्या रस्त्यात कुठंच नाही.

काढलेली भोकं आम्ही त्याच दिवशी बुजवली होती,
थंड डांबराच्या पोत्यातून.
चिंचेखालचं तिनं स्वतः भरलं.
धुम्मस उचलवेना तिला,
म्हणून टाचेनं दाबलं, एकदा, दोनदा,
मग चप्पल काढून, नुसत्या टाचेनं.
जागा काळी, ओली, चकचकीत.
आजूबाजूच्या राखाडीत
एक गोल.
वर्षाची मुलगीसुद्धा म्हणेल,
हे नवीन आहे.

मी म्हटलं, पाय भाजेल.
ती म्हणाली, 'हे थंडं हाये.
तुमालेच नाही मालूम,
गरम काय रायते ते.'